कोरड्या डोळ्यांचं पाणी

डोळ्यांतून सारखं पाणी येतं म्हणून मी डॉक्टरकडे गेले, आणि डॉक्टर म्हणाले, तुमचे डोळे कोरडे आहेत. मला वाटलं, आधीच्या पेशंटचा कागद त्यांच्या हातात राहिला असेल. मी रुमालानं डावा डोळा पुसत होते, उजव्या डोळ्याचं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि समोरचा एवढा शिकलेला माणूस मला कोरडं म्हणत होता.

"पण पाणी येतंय ना, डॉक्टर," मी म्हटलं.

"येणारच. कोरडे आहेत म्हणूनच येतं."

एवढं बोलून त्यांनी चिठ्ठी लिहिली. लुब्रिकेटिंग ड्रॉप, दिवसातून चार वेळा, दोन्ही डोळ्यांत. बाहेरची बाकडी भरलेली होती, पुढचा माणूस दारात उभा राहिला होता. मी उठले. त्या दिवशी मी आणखी दोन मिनिटं तिथं बसून राहिले असते आणि नीट विचारून घेतलं असतं, तर पुढचा दीड महिना मला लोकांना उत्तरं देत फिरावं लागलं नसतं.

मी अमरावतीतल्या एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात काम करते. गुण संगणकात भरायचे, पडताळायचे, पुन्हा पडताळायचे. सोळा वर्षं झाली. मार्च ते जून हा आमचा मरणाचा काळ. नेमका त्याच काळात विभागात कूलर लागतो, आणि माझी खुर्ची कूलरच्या अगदी तोंडासमोर. आधी सगळ्यांना माझ्या जागेचा हेवा वाटायचा. मलाही त्या जागेचा अभिमान होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये दुपारी दोननंतर डोळ्यांत बारीक वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. मग आग. मग तीनचा आकडा आठसारखा दिसायचा, आणि मग धार लागायची.

घरी आम्ही तिघंच. सासूबाई, नवरा आणि मी. मुलगी नोकरीला पुण्याला. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, काळ्या जमिनीच्या खात्यापित्या घरातल्या, सगळं आयुष्य चारचौघांत मान राखून काढलेलं. आमचं कधी फार गूळपीठ नव्हतं, पण भांडणही नव्हतं. चिठ्ठी आणि बाटली घेऊन मी घरी आले आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कोरडे? मंग हे काय वाहून राहिलं?"

"कोरडे आहेत म्हणूनच वाहतात म्हणे."

"कोन म्हनते?"

"डॉक्टर."

"मंग डॉक्टर बदल," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

खरं सांगायचं तर मलाही डॉक्टरचं म्हणणं पटलेलं नव्हतं. जे स्वतःला पटलेलं नाही ते दुसऱ्याला सांगताना आवाज पडतोच. मी सांगायची आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, ही काहीतरी लपवून राहिली.

त्यात ड्रॉप टाकणं मला जमेना. ज्यांना जमतं त्यांना यात काय अवघड आहे ते कळत नाही. आरशासमोर मान मागे टाकायची, खालची पापणी ओढायची, बाटली वर धरायची. थेंब सुटायच्या आधीच माझा डोळा मिटायचा. थेंब नाकावर, भुवईवर, कानात. एकदा तर गच्च मिटलेल्या डोळ्यावर पाच थेंब पडले आणि आत एकही गेला नाही. नवऱ्याला सांगितलं. त्यांनी वर्गातल्या पोराला धरावं तसं माझं डोकं धरलं.

"उघडा ठेव ना."

"उघडाच आहे."

"हा उघडा आहे? वर पाहा. पंख्याकडे पाहा. अवं, हलू नको."

बाटलीचं टोक बुबुळाला लागलं आणि मी त्यांचा हात झटकला. दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या घाईत होते, तिसऱ्या दिवशी विसरले, चौथ्या दिवशी मी म्हटलंच नाही. चार वेळांतून खरा थेंब डोळ्यात जायचा तो दिवसाला एखादा. तरीही पंधरा दिवसांनी मी सगळ्यांना सांगत होते की ड्रॉपनं काही फरक पडत नाही.

एका संध्याकाळी नवऱ्यांनी मेडिकलमधून दुसरीच बाटली आणली. दुकानदारानं दिली होती, लाल डोळ्यांसाठी. ती मात्र चालली. कशीबशी टाकली आणि दोन तास माझे डोळे पांढरे शुभ्र राहिले. नवरा खूश झाले. मी आठ-दहा दिवस तीच टाकत राहिले. नंतर असं झालं, की थेंबाचा असर उतरला की डोळे पहिल्यापेक्षा लाल व्हायचे. सकाळी आरशात पाहिलं तर मलाच माझी दया यायची.

आणि याच दिवसांत गल्लीत बोलणं सुरू झालं.

मी संध्याकाळी स्कूटीवरून घरी यायची. तोंडाला ओढणी बांधलेली असायची, पण डोळे उघडे. उन्हाळ्यातला तो वारा म्हणजे चुलीपुढची झळ. फाटकापर्यंत पोहोचेस्तोवर दोन्ही गाल ओले. गाडी लावायची, ओढणी सोडायची आणि तिच्याच टोकानं तोंड पुसायचं. समोरच्या घरातली बाई रोज त्या वेळी झाडांना पाणी द्यायची. एक दिवस तिनं सासूबाईंना विचारलं, "सुनबाईचं काही दुखते-खुपते का वं, मावशी? रोज रडतच घरी येते."

सासूबाई घरात आल्या त्या चप्पल न काढता.

"लोक काय म्हनून राहिले, मालूम हाये का तुले? मी तुले रडवतो म्हनते. मी. या घरात तुले चोवीस-पंचवीस वर्सं झाले, कधी तुले मी अर्ध्या शब्दानं बोललो का?"

"नाही, आई. माझे डोळे..."

"डोये डोये नोको सांगू. उद्यापासून तोंड पुसूनच फाटकात येत जाय."

दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीच्या कोपऱ्यावर, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीजवळ थांबून डोळे पुसायला लागले. तिथं चहाची टपरी आहे. आधी एकच बाई पाहायची, आता आठ-दहा माणसं पाहायला लागली.

कार्यालयात आणखी वेगळं. आमचे साहेब सज्जन माणूस. एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "मॅडम, घरचं काही असेल तर सुट्टी घ्या. मन मोकळं केल्यानं बरं वाटतं."

"सर, माझे डोळे कोरडे आहेत."

त्यांनी माझ्या ओल्या गालांकडे पाहिलं आणि मान डोलावली. नको असेल तर सांगू नका, असं त्या मान डोलावण्यात होतं. मी बाहेर आले आणि कूलरच्या तोंडी जाऊन बसले. त्या खुर्चीत मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि माझ्या डोळ्यांकडे पाहून ते कोणालाही कळलं नसतं.

माझं माहेर अकोटजवळचं. वडिलार्जित तीन एकर, विहीर, त्यात भाऊ वांगी, टमाटे, मिरची लावतो, आणि दसरा-दिवाळीच्या बेतानं झेंडू. वडील गेले, आई त्याच्याआधीच गेली. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो महिन्यातून एकदा फोन करतो, पावसाचं विचारतो, भाचीचं विचारतो आणि ठेवतो. मे महिन्यात एका रविवारी सकाळी नऊ वाजता तो न सांगता आमच्या दारात उभा राहिला. हातात भाजीची पिशवी. पिशवी त्यानं खाली ठेवली नाही.

झालं असं होतं, की आठवड्यापूर्वी आमची एक चुलत आत्या दवाखान्याच्या कामानं अमरावतीला आली होती. मी बसस्टँडवर एका मैत्रिणीला सोडायला गेले होते, तिथं तिनं मला बाकड्यावर डोळे पुसताना पाहिलं. तिनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, डोळ्यात गेलं. तिला ते 'काही नाही' पुरलं. गावी जाऊन तिनं भावाला सांगितलं, पोरगी स्टँडवर एकटी बसून रडून राहिली होती, इचारलं तर सांगे ना.

भाऊ पुढच्या खोलीत बसला. नवऱ्यांनी पेपर बाजूला ठेवला. सासूबाई सोफ्यावर ताठ बसल्या. मी चहा ठेवायला आत गेले तर तो म्हणाला, "चहा नोको. तू बस अठी."

मी बसले.

"काहून रडून राहिली तू?"

"दादा, मी रडून नाही राहिली. माह्ये डोये कोरडे हायेत." माहेरचं माणूस समोर आलं की माझी भाषा आपोआप माहेरची होते.

"कोरडे हायेत," तो म्हणाला. "आन पानी येते."

"हो."

"येडं समजतं का मले?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "तसं डॉक्टर म्हणाले खरं," आणि तेही असं म्हणाले की त्यांच्यावरच संशय यावा.

"मावशी," भाऊ सासूबाईंकडे वळला, "मी भांडाले नाही आलो. पन पोरीले कोनी काही म्हनलं अशीन तर मले सांगा."

सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आधी गल्ली, आता व्याही. "म्या? म्या काय म्हनलं? इचारा तुमच्या बहिनीले. माह्या समोर इचारा."

"इचारलं तर हे असं सांगते."

"मले बी असंच सांगते."

आणि गंमत पाहा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा सासूबाई आणि भाऊ एका बाजूला आले. दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी खोटारडी आहे यावर त्यांचं एकमत झालं होतं. मला इतका संताप आला की मी आत जाऊन चिठ्ठी आणली आणि टेबलावर ठेवली. भावानं ती हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली. डॉक्टरचं अक्षर त्याला काय, मलाही लागत नव्हतं.

"चाल," तो म्हणाला. "अकोल्याच्या डॉक्टरीनबाईले दाखू. बाबाचे मोतीबिंदू त्याईनंच काढले. त्या जे म्हनतीन थे खरं."

"मी बी येतो," सासूबाई म्हणाल्या. "होऊ द्या माह्या तोंडासमोर."

मंगळवारी आम्ही तिघं एसटीनं अकोल्याला निघालो. भाऊ आदल्या दिवशी येऊन मुक्कामी राहिला होता. नवऱ्यांना निकालाच्या कामासाठी शाळेत जावंच लागणार होतं. मी खिडकीजवळ, मध्ये सासूबाई, कडेला भाऊ. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, वर जाईना, खाली येईना. बडनेरा सोडलं आणि गरम वारा थेट डोळ्यांत घुसायला लागला. मूर्तिजापूरपर्यंत माझा रुमाल पिळण्यासारखा झाला. पुढच्या सीटवरची एक म्हातारी वळून वळून पाहत होती. शेवटी तिनं हात मागे करून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"नोको रडू, माय. घरोघरी असंच असते. दिवस निंघून जातात."

मी काही म्हणायच्या आत सासूबाई उसळल्या. "रडून नाही राहिली थे. डोयाची बिमारी हाये तिले. दवाखान्यात चाललो आमी."

म्हातारीनं सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हात काढून घेतला. तिच्या नजरेत सगळा निकाल लागलेला होता. सासूबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. मला त्यांची कीवही आली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं, ते लपवत नाही.

डॉक्टरीणबाई साठीच्या असतील. आवाज बारीक, पण घाई नव्हती. आम्ही तिघंही आत शिरलो तरी त्यांनी कोणाला बाहेर काढलं नाही. मी सगळं सांगितलं. कूलर, संगणक, वाळू, आग, धार, आणि दुकानातली बाटलीही. ती बाटली पर्समधून काढून दाखवली तर त्यांनी ती परत दिलीच नाही, टेबलाखालच्या डब्यात टाकली. "यानं लाली झाकते. बंद केलं की जास्त येते. पुन्हा हात लावू नका."

मग त्यांनी कागदाची एक बारीक पट्टी माझ्या खालच्या पापणीत अडकवली, दुसरी दुसऱ्या डोळ्यात, आणि पाच मिनिटं बसायला सांगितलं. पट्ट्या टोचत होत्या. भाऊ समोरून पाहत होता. पाच मिनिटांनी पट्ट्या काढल्या तर चांगल्या भिजलेल्या.

"भिजल्या," भाऊ म्हणाला. "पानी हाये डोयात." तो सासूबाईंकडे पाहून म्हणाला, आणि आता इथंच तमाशा होणार, असं मला वाटलं.

"पाणी आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते टिकतं का, ते पाहू."

त्यांनी एका रंगाच्या पट्टीचं टोक ओलं करून माझ्या डोळ्याला टेकवलं, यंत्राला हनुवटी लावायला सांगितली, निळा उजेड सोडला आणि बाजूचा पडदा भावाकडे वळवला. "आता पापणी मिटा. उघडा. आता मिटू नका." त्या मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. तीनलाच मला झोंबायला लागलं.

पडद्यावर काय दिसलं ते मी पाहिलं नाही, मी यंत्रात होते. पण भावानं मला नंतर सांगितलं. हिरवा चकचकीत डोळा, आणि तीन म्हणेपर्यंत त्याच्यावर काळे डाग फुटायला लागले, जमिनीला भेगा पडतात तसे.

"डोळ्यावर पाण्याचा पातळ थर असतो," बाई त्याला समजावत होत्या. "त्याच्यावर तेलाचा आणखी पातळ थर. ते तेल पापणीच्या कडेतून येतं. यांची ती बारीक तोंडं बुजली आहेत. तेल नाही, म्हणून पाणी उडून जातं. त्यात संगणकासमोर माणूस पापणी मिटायचं विसरतो आणि समोर कूलर. डोळा उघडा पडला की आग होते. आग झाली की डोळा घाबरून भसकन पाणी सोडतो. ते पाणी डोळ्यावर राहत नाही, गालावर येतं."

भाऊ पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "म्हंजे मल्चिंग नाही."

"काय?"

"मिरचीच्या वाफ्यावर आमी पेपर आथरतो, पानी उडू नाही म्हनून. तसं तेल पाह्यजे डोयावर."

"अगदी तसं," बाई म्हणाल्या, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा माझं म्हणणं कोणाला तरी कळलं. फक्त ते माझ्याकडून कळलेलं नव्हतं.

सासूबाई एवढा वेळ स्टुलावर बसून होत्या. त्या पुढे सरकल्या. "म्हंजे हे रडनं नोहे."

"नाही हो, आजी."

"सासूच्या घरी तिले तरास हाये म्हनून हे येते, असं नाही."

"नाही, नाही."

"मंग तसं लेहून द्या."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी लेटरहेडवर मराठीत दोन ओळी लिहिल्या. सासूबाईंनी त्या आधी भावाला वाचायला लावल्या, मग कागदाची घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवली.

निघताना तिथल्या नर्सनं मला ड्रॉप टाकायची दुसरी पद्धत दाखवली. आडवं पडायचं, डोळा मिटूनच ठेवायचा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा आणि मग हळूच डोळा उघडायचा. थेंब आपोआप आत जातो. टोक कुठंही टेकवायचं नाही. मी तिच्यासमोर करून पाहिलं. पहिल्याच वेळेला जमलं. गार वाटलं, आणि भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट दिसलं. एवढीशी गोष्ट मला दीड महिन्यात कोणी सांगितली नव्हती.

स्टँडवर भावानं उसाचा रस घेतला. माझा ग्लास हातात देत म्हणाला, "झालं ना मनासारखं? आता चिंता नाही."

"कोनाच्या मनासारखं?" मी म्हटलं.

"म्हंजे?"

"मी हेच सांगून राहिली होती, दादा. पहिल्या दिवसापासून."

"अवं, मी इचारलं तर खरं तुले. त्याच्यासाठीच आलो ना शेत सोडून."

"इचारलं. ऐकलं नाही."

त्यानं ग्लास खाली ठेवला. त्याला लागलं होतं, ते दिसलं. तो मिरचीचं रोप टाकायच्या दिवसांत दोन दिवस मोडून माझ्यासाठी आला होता, आणि मी त्याला उन्हात उभं करून हे बोलत होते. पण मी ते परत घेतलं नाही. तो अकोटच्या बसकडे गेला, आम्ही दोघी अमरावतीच्या.

त्यानंतर दुसराच त्रास सुरू झाला. ज्यांना माझं दुखणं खोटं वाटत होतं, त्यांनी ते ताब्यात घेतलं. भाऊ दिवसातून दोनदा फोन करायचा. हॅलो नाही, काही नाही, थेट "टाकलं का?" सासूबाई घड्याळ पाहून हाक मारायच्या. तो कागद समोरच्या बाईनं वाचला, शेजारणीनं वाचला, दूधवाल्यालाही ऐकवला गेला. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं डोळे शेकायचे होते, तर फडकं पुरेसं गरम आहे की नाही ते सासूबाई आधी स्वतःच्या हाताला लावून पाहायच्या. मी सत्तेचाळीस वर्षांची, मुलगी कमावती, आणि मला झोपवून माझ्या डोळ्यांवर फडकं ठेवलं जात होतं. फरक मात्र पडत होता. महिनाभरात वाळू कमी झाली. त्यामुळे चिडायलाही तोंड राहिलं नाही.

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. पुढच्या खोलीत नवरा फोनवर बोलत होते. पलीकडे भाऊ होता, हे बोलण्यावरून कळलं. फोन ठेवून ते आत आले. मागे सासूबाई.

"आम्ही विचार केला," नवरा म्हणाले, "तू आता नोकरी सोड. डोळे आहेत तर सगळं आहे. दादांचंही तेच म्हणणं आहे."

"आराम कर जरा," सासूबाई म्हणाल्या. "लय केलं तू."

त्या चांगल्या मनानंच म्हणाल्या. म्हणूनच ते मला जास्त लागलं. सोळा वर्षांत त्या विभागात माझ्या हातून एक निकाल चुकला नव्हता. मुलांचे गुण अडकले की साहेबही म्हणायचे, मॅडमकडे जा. ती खुर्ची माझी होती, आणि तिघांनी फोनवर ती काढून घेतली होती. मी कणकेत हात तसेच ठेवून उभी राहिले आणि रडले. खरंखुरं. नाक वाहेपर्यंत.

"पाहा," सासूबाई म्हणाल्या, "दुपारचा ड्रॉप राह्यला अशीन."

नवऱ्यांनी फ्रीजवरची बाटली घेतली, झाकण उघडून माझ्यापुढे धरली.

"हे ते पाणी नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मी रडतेय."

त्यांनी बाटली खाली केली नाही. त्यांना कळलंच नव्हतं. मी हात धुतले, त्यांच्या हातातून बाटली घेतली, झाकण लावलं आणि टेबलावर ठेवली. मग मी म्हटलं, "नोकरी मी सोडणार नाही. डोळे माझे आहेत, आणि यापुढे त्यांचं काही ठरवायचं असलं तर मला धरून ठरवा. दादालाही मी सांगते." माझा आवाज चढला होता. असा तो त्या घरात पूर्वी चढला नव्हता. सासूबाई पुढच्या खोलीत गेल्या. नवरा स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मला वाटलं, तुला बरंच वाटेल."

"विचारायचं होतं."

"हो," ते म्हणाले. पोळ्या होईस्तोवर ते तिथंच बसले.

खुर्ची हलवण्यासाठी मी कार्यालयात अर्ज दिला. पहिला अर्ज हरवला. दुसऱ्यावर शेरा आला, जागा उपलब्ध नाही. तिसऱ्या वेळी मी अर्ज दिलाच नाही. एका शनिवारी मी आणि शिपाईकाकांनी मिळून टेबल उचललं आणि खिडकीच्या कोपऱ्यात नेलं, तारांसकट. सोमवारी साहेबांनी पाहिलं आणि राहू दिलं. कूलरसमोरची जागा एका नव्या मुलीनं आनंदानं घेतली. मी तिला सांगितलं, अधूनमधून पापण्या मिटत जा. ती हसली. तिचे डोळे अजून चांगले आहेत.

यंदा पुन्हा मे आलाय. अकोल्याला मी आता एकटीच जाते. मागच्या वेळी मी बाईंना विचारलं, हे कधी थांबणार. त्या म्हणाल्या, थांबणार नाही, सांभाळायचं. त्यांना हे बोलायची सवय असेल. मला ते ऐकायची झाली नाही. मी रागानं पर्स उचलली आणि थँक्यू न म्हणताच बाहेर आले. खाली मेडिकलमध्ये तीन बाटल्या मागितल्या तर दोनच होत्या, तिसरी उद्या येईल म्हणाला. मी म्हटलं, उद्या मी अकोल्यात नसते. दोन घेतल्या. गाडीला अजून अर्धा तास होता. स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर पर्स उशाला घेऊन आडवी झाले, डोळे मिटले आणि दुपारचे थेंब टाकून घेतले.